तांबडी वाटली तर काळी

काळी फीत माझ्या मनगटाला बांधताना त्या मुलीने गाठ मुद्दाम सैल ठेवली आणि खाली वाकून हळूच विचारलं, "रुतत नाहीये ना, आजोबा?" ज्याला आपण मरायला सोडून पुढे चाललो आहोत त्याला फीत रुतू नये, ही काळजी! एरवी एवढ्या भांडवलावर मी आठवडाभर पुरेल अशी गोष्ट रचली असती, त्यात एक बोलकं प्रेत घातलं असतं आणि प्रेताच्या तोंडी दोन चावट वाक्यंही. पण हसू आलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. मला एकच तळपाय उरलाय, पण आग चांगली दोन तळपायांची होती. मी मेडिकल कॉलेजच्या व्यायामशाळेत लाकडी जमिनीवर उताणा पडलो होतो. वर छताला दोरखंड आणि कड्या लोंबत होत्या, कोपऱ्यात उड्या मारायचा लाकडी घोडा होता, आणि दोन्ही बाजूंना आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं ओळीने जखमी होऊन पडली होती. म्हणजे खोटी जखमी. प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर जखम. सरहद्दीवर लढाई पुन्हा पेटली होती, शेवटच्या वर्षाची ही मुलं सोमवारी तिकडे निघणार होती, आणि निघण्याआधी त्यांना माणसं निवडायला शिकवायचं होतं. धान्य निवडतात तशी. हिरवी फीत म्हणजे तुला चालता येतंय, बाजूला बस. पिवळी म्हणजे थांब, तुला वेळ आहे. तांबडी म्हणजे आत्ता, या क्षणी, टेबलावर. आणि काळी म्हणजे पुढच्याकडे चला. शिकवणाऱ्या सर्जनबाई म्हणजे माझ्या वहिनी, माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. मला इथे जखमी म्हणून आणून पाडणाऱ्याही त्याच. "भावजी, नाहीतरी घरी पडूनच असता," सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "तिथे येऊन पडा. काहीतरी उपयोग होईल."

मी सगळं पाहिलं होतं. मेलेल्याने डोळे मिटायचे असतात, पण मला ती सवय नाही. लांब वेणीची ती मुलगी (मी मनातल्या मनात तिचं नाव वेणी ठेवून टाकलं होतं) आधी माझ्या छातीवरचं कार्ड वाचत होती. मांडीत गोळी, पट्टा आवळलेला, नाडी वेगात, शुद्धीवर. मग तिने माझ्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, आणि रंग परत येईपर्यंत ओठ हलवत थांबली. तिचा हात कमरेला लटकवलेल्या फितींकडे गेला आणि नीट, न अडखळता, तांबडीवर पडला. तिथपर्यंत ती डॉक्टर होती. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिने मला ओळखलं, कारण थोड्याच वेळापूर्वी बाहेर नळाशी मी तिला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना माझा पाय कसा गेला ते सांगितलं होतं. म्हणजे एका मुलाला मगरीने नेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याला सर्कशीतल्या सिंहाशी पैज लावली म्हणून, आणि हिला सांगितलं की माझा पाय एका संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे आणि दर रविवारी मी त्याला भेटायला जातो, तो मला ओळखतो, बोटं हलवतो. ती खळखळून हसली होती. "तुम्ही मॅडमचे दीर ना?" असंही तिने विचारलं होतं, आणि मी छाती फुगवून हो म्हटलं होतं. आता तेच तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं मला दिसलं. ओळखीचा माणूस. तांबडीवरचा हात चटका बसल्यासारखा मागे आला आणि काळीवर गेला. वहिनी तिच्या मागून ओळ तपासत येत होत्या. त्यांनी कार्ड पाहिलं, फीत पाहिली, माझ्याकडे पाहिलं न पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरोबर." पुढे गेल्या.

बरोबर! ही त्यांची शिकवणी. या कॉलेजात वर्षानुवर्षं मुलं ती पाढ्यांसारखी घोकतात: ओळखीच्या माणसाला तांबडी बांधावीशी वाटली तर हात मागे घ्या आणि काळी बांधा. का, तर आपल्या माणसात जी आशा दिसते ती त्याच्या जखमेत नसते, आपल्या पोटात असते. ती तांबडी तुमच्या मायेने उचललेली असते, तुमच्या डोळ्यांनी नाही. ऐकायला काय झकास वाटतं! भाषणात तर असं वाटतं की उभं राहून टाळ्या पिटाव्यात, आणि लोक पिटतातच. वहिनी भाषण करतात तेव्हा आवाज चढवत नाहीत, हात हलवत नाहीत, आणि अगदी शेवटी, पाण्याचा घोट घेऊन सांगतात, "मी माझ्या सख्ख्या दिराला काळी बांधली आहे." सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी पहिल्या रांगेत बसलेलो असतो, कुबडी मांडीवर घेऊन, आणि लोक वळून वळून माझ्याकडे बघतात. जणू मी पुतळा आहे आणि माझं अनावरण नुकतंच झालंय. मी मान लववतो. काय करणार? थापाड्या माणसाला खऱ्या गोष्टीत काम मिळतं तेव्हा तो ते पडेल तसं करतो. फक्त ती गोष्ट खरी नाही. एवढ्या वर्षांत मला एवढंच सांगायचं होतं आणि तेवढंच मला सांगता आलेलं नाही.

ती शाळा होती. लढाईत शाळांची इस्पितळं होतात, कारण खोल्या मोठ्या असतात आणि मास्तरांची टेबलं माणूस मावेल एवढी. मी फौजेच्या टेलिफोनच्या तारा ओढायचो. बंदूक नावाला खांद्यावर, खरं हत्यार म्हणजे पक्कड. तार जोडत असताना मांडीत गोळी घुसली. मला आणणाऱ्यांनी रक्त थांबावं म्हणून मांडीवर पट्टा आवळला आणि शाळेच्या व्हरांड्यात टाकलं. माझ्या डोक्यावर भिंतीला मुलांची दप्तरं अडकवायच्या खुंट्या होत्या, मुलांच्या उंचीच्या, आणि मी पडल्या पडल्या विचार करत होतो की आपण या खुंटीला हात घालून उभं राहावं आणि वर्गात जाऊन बसावं, मास्तर ओरडतील तेवढे ओरडोत. माझं तोंड चिखलाने असं झालं होतं की मला स्वतःलाही ओळखू आलं नसतं. वहिनी आल्या. टोपीत केस, कोरडे पडलेले ओठ, मागे फितींची टोपली घेतलेला एक शिपाई. त्यांनी खाली बसून जखम पाहिली, नाडी पाहिली, नख दाबलं, सोडलं, आणि तांबडी बांधली. मी पुन्हा सांगतो, तांबडी. बटण लावावं इतक्या चटकन बांधली. त्या उठायला लागल्या आणि मी, जन्माचा बडबड्या, मी म्हणालो, "वहिनी, मी आहे." त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या हात धरतील, आता म्हणतील भावजी घाबरू नका, आणि मी काहीतरी फाजील उत्तरही जुळवत होतो. त्या पुन्हा खाली बसल्या. गाठ सोडली. तांबडी शिपायाच्या टोपलीत परत टाकली आणि काळी बांधली. आणि ती टाकलेली तांबडी, तीच, पलीकडे पडलेल्या ट्रकड्रायव्हरला बांधली. त्यालाही गोळी मांडीतच होती. तो काही बोलला नव्हता. शहाणा माणूस.

मी मेलो नाही, हे तर दिसतंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मेलेल्यांना हलवायला म्हणून व्हरांड्यात आल्या तेव्हा मी चहा मागितला. हे मात्र त्या भाषणात सांगतात, लोक हसतात. पण रात्रभर पट्टा तसाच आवळलेला राहिला होता आणि पट्ट्याखालचा पाय तोवर माझा राहिला नव्हता. तो त्यांनीच कापला. ड्रायव्हर दोन्ही पायांवर चालत घरी गेला. अजूनही उन्हाळ्यात एकदा मोठं कलिंगड घेऊन आमच्याकडे येतो, जिने धाडधाड चढतो, बूट करकरवतो, वहिनींना म्हणतो, "ताई, तुमच्यामुळे," आणि मला म्हणतो, "काय म्हणतोय पाय?" माणूस वाईट नाही. त्याच्यावर माझा राग नाही. कलिंगडावर आहे. मी ते खात नाही, दात दुखतात म्हणून सांगतो, आणि वहिनी बिया काढून बशी माझ्यापुढे सरकवतात, आणि मी ती परत सरकवतो, आणि आमच्यात याहून मोठं भांडण कधी झालेलं नाही. दादा त्या लढाईच्या आधीच तापाने गेला होता. मागे उरलेली आम्ही दोघं एकाच घरात म्हातारी झालो. त्या माझ्या तुटक्या पायाचं खोड तपासतात, मी त्यांची चष्म्याची काडी जोडून देतो, संध्याकाळी पत्ते खेळतो, त्या कधी लबाडी करत नाहीत आणि मी नेहमी करतो. जगात मी माझी जागा केली ती थापांनी. गल्लीत, दुकानात, जिन्यात, सगळीकडे माझा पाय वेगवेगळ्या तऱ्हेने गेलाय. खरं सांगायचं तर त्या तांबडीमुळेच मी थापा मारायला लागलो. जी एक गोष्ट सांगायची ती सांगता येत नव्हती, म्हणून तिच्या जागी बाकीच्या सगळ्या. आणि त्याचा परिणाम काय झाला? अलीकडे कधी कधी दुपारी पडल्या पडल्या मला भलतीच शंका यायची. मगर मी रचली. सिंह मी रचला. मग ती तांबडी? रक्त गेलेल्या माणसाला काय काय दिसतं. रागावायला काहीतरी हवं म्हणून मीच ती मनगटावर बांधून घेतली असेल तर? मग मी मनगट चोळत बसायचो आणि तिथे काहीच नसायचं, कसं असेल.

पण आज वेणीचा हात तांबडीवर गेलेला मी पाहिला होता. आणि छातीवरचं कार्ड मी आता उलटं करून वाचलं. मांडीत गोळी, पट्टा आवळलेला, नाडी वेगात, शुद्धीवर. अक्षर वहिनींचं. कार्डं सगळी त्यांनीच लिहिली होती, त्यांनी पाहिलेल्या जखमांवरून. हे माझंच होतं की ड्रायव्हरचं? दोघांचं एकच होतं, हाच तर मुद्दा होता. मी उठून बसलो. "ही चूक आहे," मी म्हणालो. शेजारी पोटात स्फोटाचा तुकडा घेऊन पडलेला निवृत्त पोस्टमन म्हणाला, "अहो झोपा, तुम्ही गेलात." मी कुबडी टेकून उभा राहिलो तशी सगळी व्यायामशाळा खिदळायला लागली, काळी फीत घातलेला माणूस तरातरा ओळीतून चाललाय.

"भावजी," वहिनी पलीकडून म्हणाल्या, "मेलेल्यांनी मध्ये बोलायचं नसतं."

"मेलेला तुमच्या लेखी. या पोरीचा हात तांबडीवर गेला होता. विचारा तिला."

"गेला असेल. म्हणूनच तो मागे घ्यायचा असतो."

"जखम बघून गेला होता! माझं तोंड तिने नंतर पाहिलं. तिने आधी जखम पाहिली, नख पाहिलं, सगळं बरोबर पाहिलं, आणि मग केवळ मी कोण ते कळलं म्हणून मला मारलं. सोमवारी हिचा भाऊ येईल समोर. याचा मित्र येईल. तुम्ही त्यांना सांगताय की तुमच्या ओळखीचा आहे म्हणून त्याला सोडा!"

मुलं आता हसत नव्हती, पण तोंडं हसायच्या तयारीत होती. एक ताडमाड उंच मुलगा, ज्याला मी मगर सांगितली होती, तो आदबीने म्हणाला, "आजोबा, पण मॅडमनी स्वतः..." मग माझा तोल सुटला. मी सगळं सांगितलं. खुंट्या, शिपायाची टोपली, आधी बांधलेली तांबडी, मी मारलेली हाक, सोडलेली गाठ. सांगताना माझा आवाज इतका चिरकला की मलाच तो नाटकी वाटला. मी सांगून थांबलो आणि त्या शांततेत मागून कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, "आणि मगर तेव्हा कुठे होती?" हशाचा स्फोट झाला. पोस्टमनसुद्धा पोटातला तुकडा धरून हसला. वेणी हसली नाही. ती वहिनींकडे बघत होती. "मॅडम," तिने विचारलं, "खरंच आधी तांबडी बांधली होती?"

मी वहिनींकडे पाहिलं. आमच्या घरात एकच माणूस कधी लबाडी करत नाही. आता त्या हो म्हणतील, मला वाटलं. म्हणजे मला तशी खात्रीच होती. त्या चष्मा काढून पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत राहिल्या. "एका डॉक्टरने," त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत आपल्या भाच्याला टेबलावर घेतलं होतं. त्याच्यात काही उरलं नव्हतं. तो आत खपत बसला तेवढ्या वेळात बाहेर वाचणारी माणसं गेली, आणि शेवटी भाचाही गेला. हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं." मग चष्मा घालून म्हणाल्या, "माझ्या हातची बांधलेली फीत मी कधीही सोडलेली नाही. भावजींचं रक्त फार गेलं होतं. चला, चहा घेऊन या सगळे. मग पुन्हा पहिल्यापासून."

मुलं व्हरांड्यात गेली. वहिनीही गेल्या, पाठ ताठ, माझ्याकडे न बघता. मी तिथेच लाकडी घोड्याला टेकून उभा राहिलो आणि माझ्या कानात नुसता घणघणाट. भाच्याचं पाप कुणाचं, आणि पाय कुणाचा कापला! तेवढं असतं तरी मी गिळलं असतं. इतकी वर्षं गिळलंच की. माणसाच्या हातून भीतीपोटी होतं, लढाई म्हणजे काय गंमत नव्हे. पण ते शिकवायचं? त्याचा नियम करायचा, त्याला तत्त्व म्हणायचं, त्यावर टाळ्या घ्यायच्या, आणि या कोवळ्या पोरांच्या हातात देऊन त्यांना सरहद्दीवर धाडायचं? त्या शाळेच्या व्हरांड्यात एक मी होतो. सोमवारनंतर माझ्यासारखे किती असतील, आणि त्यातल्या कितींना सकाळी चहा मागता येईल? आणि मी हे बोलू शकत नव्हतो. गावभर थापा वाटून बसलेला म्हातारा. मला वाटलं ही कुबडी घ्यावी आणि त्या खिडक्यांच्या काचा एकेक करून फोडत जावं, निदान तो आवाज तरी खरा असेल. घोड्याच्या पाठीवर चादरींची चळत होती, जखमींवर घालायला आणलेली, पण उकडतंय म्हणून कुणी घेतलेली नव्हती. मी तिच्यावर कोपर टेकून उभा होतो. त्या धुतलेल्या, इस्त्रीच्या वासाच्या चळतीकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"पोस्टमनसाहेब," मी म्हणालो, "एक गंमत करायची का?"

"मगरीची?"

"नाही हो. नुसतं झोपायचं. पण तोंडावरून चादर घेऊन, पायापर्यंत. हात तेवढा बाहेर, कार्ड वर. आणि जागा बदलायच्या."

"मढ्यासारखं?" पलीकडची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, तिला पिवळी मिळाली होती. "ई! मी नाही बाई. माझी सून म्हणेल सराव करून ठेवला."

"तोंड न दाखवता कुणाला तरी छळायची एवढी चांगली संधी पुन्हा यायची नाही," मी म्हणालो, आणि ती हसत हसत आडवी झाली. माणसांना पटवणं हा माझा जन्माचा धंदा. भराभरा आम्ही जागा बदलल्या. मी भिंतीजवळून ओळीच्या मधोमध आलो, खोड, त्याला अडकवलेला खोटा पाय आणि कुबडी चादरीत नीट गुंडाळली, कार्ड छातीवर ठेवलं, काळी फीत सोडून खिशात घातली आणि तोंडावर कापड ओढलं. आत पांढरा उजेड होता आणि माझाच श्वास गरम होऊन परत येत होता. माझ्या हाताशिवाय माझं जगात काही उरलं नव्हतं, आणि तो हात कुणाचाही असू शकत होता.

पावलं परत आली. थबकली. "हे काय?" कुणीतरी म्हणालं. मग वहिनींचा आवाज, कोरडा, "कुणाची कल्पना ही, ते विचारायला नको." क्षणभर मला वाटलं त्या चादरी ओढून काढतील. "करा सुरू," त्या म्हणाल्या. "लढाईत तुम्हाला पाहिजे तशी माणसं पडलेली नसतात."

माझ्यापाशी बसला तो मगरवाला ताडमाड मुलगा, माझा ताड, असावा. त्याचे गुडघे वाजले. त्याने कार्ड पुटपुटत वाचलं. मनगटावर बोटं ठेवली, चुकीच्या जागी, मग बरोबर जागी. नख दाबलं. सोडलं. चादरीच्या आत मीही त्याच्याबरोबर थांबलो, रंग परत येण्याची वाट बघत, जणू खरंच काहीतरी ठरणार होतं. मग फीत. गाठ. कोणती ते मला दिसत नव्हतं. ताड उठून पुढे गेला नाही. मागून वहिनींची चप्पल येत होती आणि त्याला शाबासकी हवी होती. चप्पल माझ्या उजव्या हाताशी थांबली. त्या कार्ड वाचत असणार. स्वतःचं अक्षर. तिथे त्यांना किती वेळ लागला! दुसऱ्या कुणापाशी लागला नव्हता. त्यांना कळलं होतं का? मला अजून सांगता येणार नाही. "तांबडी," त्या म्हणाल्या, आणि मग, "बरोबर."

"मॅडम," हा वेणीचा आवाज, धावत आलेला, "हे कार्ड मघाशी माझ्याकडे होतं. हेच. मी काळी बांधली होती आणि तुम्ही बरोबर म्हणालात."

आणि ताडाने, खुळ्याने, माझ्या तोंडावरची चादर उचलली.

सगळे वाकून बघत होते. दोरखंड, कड्या, एवढे तरुण चेहरे, आणि त्यांच्यामध्ये वहिनींचा. माझ्या मनगटाला तांबडी होती. खरी, रेशमी, धडधडीत तांबडी. कुणी हसलं नाही. मगर कुणाला आठवली नसावी. ताडाने माझ्याकडे पाहिलं, मग फितीकडे, मग त्याचा हात आपोआप, शिकवलेल्या पोरासारखा, गाठीकडे गेला आणि तिथे थांबला. "मॅडम," तो म्हणाला, "आता ओळखीचे निघाले. सोडायची का?"

वहिनी तिथेच होत्या जिथे त्या दिवशी होत्या. माझ्या उजव्या हाताशी, बांधलेल्या तांबडीपाशी, माझं तोंड समोर. फक्त केस पांढरे होते आणि टोपी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटून पडून राहिलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, गाठीवरच्या त्या पोराच्या हाताकडे पाहिलं, त्यांचा खालचा ओठ दातांत गेला, आणि त्या म्हणाल्या, "राहू दे."

"पण नियम..."

"राहू दे म्हटलं ना. ती सोडायची नाही." मग, ताडाकडे नाही, कुणाकडेच नाही, "ती सोडायचीच नव्हती."

वेणीने हळूच विचारलं, "मग आम्ही सोमवारी काय करायचं? आपलं माणूस आलं तर?"

"आधी तोंड झाका," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येकाचं. ओळखीचं असो नसो. मग जखम बघा, आणि ज्या फितीकडे हात जाईल ती बांधा. हात मागे घेऊ नका. मी शिकवलेलं ते विसरा."

"एवढ्या चादरी कुठून आणायच्या, मॅडम?" ताड म्हणाला. तो मुलगा व्यवहारी निघाला.

"चादर कशाला लागते? काहीही चालतं. रुमाल चालतो."

मुलं पांगली, पुढच्या चादरीकडे, पुढच्या हाताकडे. मला वाटलं होतं की हे ऐकायला मिळालं की माझ्या आत काहीतरी खाली बसेल. एवढी वर्षं मी तीच वाट बघत होतो. वहिनी माझ्यापाशी गुडघे टेकून बसल्या, म्हाताऱ्या गुडघ्यांनी, जमिनीला हात लावून, आणि "भावजी," म्हणाल्या. माझ्या आत काही खाली बसलं नाही. उलट ते उसळून वर आलं, पहिल्यापेक्षा ताजं. राहू दे! एवढेच शब्द होते. एवढ्यासाठी मगरी, सिंह, कलिंगडं. रुमाल चालतो! मी चादर पुन्हा तोंडावर ओढून घेतली, कारण आजूबाजूला मुलं होती आणि मला त्यांच्या मॅडमला अरेतुरे करायचं होतं.

रुमाल तिच्याकडे होता. त्या दिवशी व्हरांड्यात मी "वहिनी" म्हणून हाक मारली तेव्हा तिने खिशातून तो काढला होता, पांढरा, घडी न मोडलेला, आणि मी खरंच मीच आहे का ते बघायला, तोंड झाकायचं सोडून, त्या रुमालाने माझ्या तोंडावरचा चिखल नीट, कानापर्यंत, पुसून काढला होता.